मागच्याची वाट बघत

गेली तीस वर्षं मी मोटारसायकलवर हिंडतो आहे. मराठवाड्यातल्या कवीला मोटारसायकल लागतेच. संमेलन असतं अंबाजोगाईला, मुशायरा असतो माजलगावला, आणि मानधन असतं शाल, नारळ आणि परतीच्या एस.टी.ची वेळ निघून गेल्याची बातमी. त्यामुळं गाडी चालवायला मी शिकलो ते कवितेसाठीच. पण नुसतं डोंगर बघायला म्हणून, नऊ माणसांनी, सात गाड्यांवर, पाठीला तंबू बांधून चार दिवस घराबाहेर राहायचं, हे खूळ माझ्या डोक्यात पन्नाशी उलटल्यावर शिरलं. ते माझ्या भाच्यानं घातलं. त्यानं लडाखचे व्हिडिओ दाखवले आणि म्हणाला, ‘‘मामू, आपण पण जाऊ की.’’ मी म्हणालो, ‘‘बाबा रे, लडाख राहू दे. आधी बालाघाट तर बघ. जन्मापासून त्याच्या पायथ्याशी राहतोस, वरती कधी झोपलायस का?’’

तो झोपला नव्हता. मीही नव्हतो.

आज तुम्हांला या सहलीबद्दल सांगायचं आहे. म्हणजे कशी केली, काय बांधलं, कुठं चुकलो, आणि तुम्हांला जायचं असेल तर काय सांभाळावं.

आधी डोंगराची ओळख करून घेऊ. बालाघाट ही सह्याद्रीचीच एक फांदी. हरिश्चंद्रगडाच्या बाजूनं ती निघते आणि आग्नेयेला अहिल्यानगर, बीड, धाराशिव, लातूर करत नांदेडच्या पुढं तेलंगणात विरून जाते. नाव ऐकून पुष्कळांना बाळाची आठवण होते. पण त्यात बाळ नाही, फारसी ‘बाला’ आहे. बाला म्हणजे वरचा. घाटाच्या वरचा मुलूख तो बालाघाट आणि खालचा तो पाईनघाट. मोगली कारभारात वऱ्हाडाचेही असेच दोन भाग पाडलेले होते. आमच्या घरी उर्दू बोलली जाते, त्यामुळं हा शब्द मला लहानपणीच कळला. मात्र घाटाच्या वरचा मुलूख म्हणजे नेमकं काय, ते मांजरसुंब्याचा घाट चढून वर गेल्यावर कळतं. बीड शहर खाली, बिंदुसरेच्या काठाला. वीसेक किलोमीटर सोलापूरच्या रस्त्यानं गेलं की गाडी दोन-चार वळणं घेऊन वर येते आणि एकदम समोर सपाट मैदान लागतं. डोंगर चढून गेलो तर शिखर लागायला पाहिजे, इथं ज्वारीचं रान लागतं. याचं कारण असं, की हा सगळा मुलूख लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला आहे. पाणी त्याला कापत गेलं, कडे पायऱ्यांसारखे उरले आणि माथे टेबलासारखे सपाट राहिले. म्हणून इथं चढ थोडा असतो, पण तो एकदम येतो. मोटारसायकलवाल्यानं ही गोष्ट डोक्यात ठेवावी. हिमालयात तासन्‌तास चढ असतो, तिथं माणूस सावध असतो. आमच्याकडं अर्धा तास सरळ रस्ता, मग पाच मिनिटं घाट. डुलकी लागायला आणि घाट यायला एकच गाठ पडते.

आणखी एक गंमत. या माथ्यावर पडणारं पाणी तीन वाटांनी जातं. बिंदुसरेचं पाणी उत्तरेला सिंदफणेला आणि तिथून गोदावरीला. मांजरा पाटोदा तालुक्यात उगम पावते आणि धाराशिव, लातूर, कर्नाटक, तेलंगण असा केवढा तरी वळसा घालून शेवटी गोदावरीलाच मिळते. आणि सौताड्याची विंचरणा सीनेला, सीना भीमेला, भीमा कृष्णेला. एकाच ढगातले थेंब, काही गोदेचे होतात, काही कृष्णेचे. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘मामू, हे व्हिडिओत टाकू.’’ असो.

आमची मंडळी अशी. एक मिस्त्री, गॅरेजवाला, त्याच्याकडं जुनी बुलेट. एक निवृत्त मास्तर. एक एस.टी.चा कंडक्टर. एक बँकेतला, एक किराणा दुकानदार. भाचा आणि त्याच्या मागं बसलेला त्याचा मित्र. मी, माझ्या जुन्या स्प्लेंडरसह. आणि मास्तरांच्या मागच्या सीटवर आमचा एक जुना दोस्त, ज्याच्या डाव्या मांडीत सळई आहे.

त्या सळईची हकिकत सांगितल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. त्याआधी दोन वर्षांपूर्वी आम्ही पाच जण रात्री एका लग्नाहून परत येत होतो. पाच गाड्या. तेव्हा ना नियम, ना काही. ज्याला जसं सुचेल तसा तो चालला होता. हा दोस्त मधे कुठंतरी होता. पुढच्यांना वाटलं तो मागं आहे, मागच्यांना वाटलं तो पुढं गेला. घरी पोचल्यावर चहा मांडला, पाचवा कप तसाच राहिला, तेव्हा कुणीतरी म्हणालं, ‘‘हा कुठाय?’’ तो वीस किलोमीटर मागं पडला होता. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला उभा. मागं दिवा नाही, लाल पट्टी नाही. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर आला आणि हा उसात शिरला. पाऊण तास तो त्या ट्रॉलीखाली पडून होता. मागून आलेले आमचेच दोघं त्याच्या बाजूनं गेले होते. त्यांना ट्रॉली दिसली, तो दिसला नाही. त्या दोघांतला एक मी.

सहल ठरली तेव्हा तोच म्हणाला, ‘‘मी येणार. गाडी चालवता येत नाही, मागं बसून येतो.’’ आणि मग सगळे नियम त्यानंच घातले. ते तुम्हांला सांगतो, कारण ते पुस्तकातले नाहीत, मांडीतल्या हाडातले आहेत.

पहिला नियम, पुढं सगळ्यात जोरात जाणारा नको. पुढं शांत माणूस हवा, आणि त्याच्या लगेच मागं सगळ्यात हळू गाडी. सगळा तांडा मग त्या हळू गाडीच्या वेगानं चालतो. आमच्यात पुढं मास्तर आणि दुसरा नंबर माझा, यावरून काय ते ओळखा. सगळ्यात शेवटी मिस्त्री. त्याच्याकडं पाने, ट्यूब, क्लचची केबल, प्लग, पंक्चरचं सामान आणि औषधाची पेटी. हत्यारं नेहमी शेवटच्या गाडीवर ठेवायची. पुढच्या गाडीवर ठेवली तर बंद पडलेला मागं राहतो आणि पाना पुढं निघून जातो.

दुसरा नियम तुम्हांला फार साधा वाटेल. प्रत्येकानं आरशात आपल्या मागची एकच गाडी बघायची. सगळ्या नाही, एकच. ती दिसेनाशी झाली की वेग कमी करायचा. तरी दिसली नाही तर कडेला थांबायचं. आणि रस्ता फुटतो तिथं तर मागचा येईपर्यंत हलायचंच नाही. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढच्याला तुम्ही दिसत नाही, तो थांबतो, मग त्याच्या पुढचा. असं करत दोन-चार मिनिटांत सगळा तांडा आपोआप थांबतो, फोन करावा लागत नाही. डोंगरात फोन लागतोच असंही नाही. नऊ माणसं हरवू न देण्याची याच्यापेक्षा सोपी युक्ती मला माहीत नाही. ती त्या रात्री माहीत असती तर, असं माझ्या मनात येतं. त्याच्याही मनात येत असेल. आम्ही बोलत नाही.

तिसरा, अंतर. पुढची गाडी एखाद्या झाडापाशी गेली की सावकाश दोन सेकंद मोजायचे, त्याच्या आत आपण त्या झाडापाशी पोचलो तर फार चिकटलो आहोत. ताशी साठच्या वेगाला गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. म्हणजे दोन सेकंदांत बत्तीस-तेहतीस मीटर. डोळ्यांनी बघून ब्रेकवर पाय जाईपर्यंत यातला बराच भाग संपलेला असतो. शिवाय एकामागं एक सरळ रेषेत चालू नये. एक डावीकडं, एक थोडा उजवीकडं, आपल्याच लेनमध्ये, म्हणजे प्रत्येकाला पुढं मोकळं दिसतं. वळणावर मात्र एका ओळीत.

चौथा नियम, मावळतीनंतर चाक फिरवायचं नाही. याचं कारण सांगायला नको.

आता सामान. गाडीला ओझ्याची जात कळते. तंबू, सतरंजी, भांडी असं सगळं मागच्या कॅरिअरवर उंच रचलं की पुढचं चाक हलकं होतं आणि चढावर हँडल हातात राहत नाही. जड ते खाली आणि दोन चाकांच्या मधे, हलकं ते वर आणि मागं. सुतळीनं बांधू नये, सुतळी ढिली पडते. जुनी ट्यूब कापून लांब पट्टा करायचा, तो रबराचा असल्यामुळं ताणून बसतो. मिस्त्रीनं सगळ्यांना फुकट पट्टे कापून दिले. पट्ट्याचं लोंबतं टोक मात्र चेनीत जाणार नाही हे बघायचं. आणि निघण्याआधी मागच्या चाकात ओझ्याच्या हिशोबानं हवा भरायची, किती ते गाडीच्या पुस्तकात किंवा चेनकव्हरवरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. आपल्याकडं चिठ्ठी वाचायची पद्धत नाही. पेट्रोल बाटलीत भरून न्यायची काही गरज नव्हती. आमचा सगळा फेरा जेमतेम तीनशे किलोमीटरचा, आणि पंप तालुक्याच्या प्रत्येक गावाला.

ऑक्टोबरात, दसरा झाल्यावर निघालो. बालाघाटात फिरायला हाच काळ. धबधब्यांना पाणी असतं, गवत पिवळं पडायला लागलेलं असतं आणि सीताफळं उकललेली असतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते आमच्या डोंगरात कुणी लावलेलं नाही. बांधावर, खडकात, आपलं आपण उगवलेलं असतं. कपिलधारला उतरलो. तिथं मन्मथस्वामींची समाधी आहे आणि पावसाळ्यानंतरही कड्यावरून धार पडत असते. ‘परमरहस्य’ लिहिणारा हा सोळाव्या शतकातला माणूस. कार्तिकी पौर्णिमेला इथं मोठी गर्दी लोटते, आम्ही गेलो तेव्हा माकडं आणि पुजारी एवढेच होते. मग मांजरसुंबा, पाटोदा आणि संध्याकाळच्या आत सौताडा.

सौताड्याला रस्त्यावरून काहीच दिसत नाही. सपाट रान, आणि एकदम जमीन संपते. खाली दरी, दरीत विंचरणेची उडी आणि तळाला रामेश्वराचं देऊळ. आम्ही काठापासून लांब, एका टेकाडावर एकट्या उभ्या लिंबाखाली तंबू टाकायचं ठरवलं. जागा फार सुंदर होती. सुंदर जागा आणि झोपायची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या रात्री कळलं.

त्याआधी एक छोटा प्रसंग झाला. रान कुणाचं तरी होतं, विचारायला हवं होतं. मी निघालो तर किराणावाला पटकन म्हणाला, ‘‘तुम्ही थांबा कवी, मास्तरांना जाऊ द्या.’’ वाईट हेतूनं म्हणाला नाही. तीस वर्षांचा मित्र आहे. त्याला वाटलं, अनोळखी गाव, हल्लीचे दिवस, नाव विचारलं तर उगीच कशाला. मास्तर गेले, परवानगी घेऊन आले. मी खुंट्या ठोकत बसलो. खुंटी काही जाईना, वीतभर मातीखाली काळा पाषाण. बालाघाटावर तंबू टाकणाऱ्यानं खुंट्यांवर विसंबू नये. दोऱ्या मोठ्या धोंड्यांना बांधाव्यात. मी धोंडे गोळा केले. जरा जास्तच जोरात आपटले असतील.

कंडक्टर बाजूला उभा राहून बघत होता. तो म्हणाला, ‘‘मी ह्यात झोपणार नाही.’’ आम्हांला वाटलं गंमत करतोय. तो गाडीला टेकून बसला. ‘‘माझं सगळं लहानपण ह्यातच गेलंय,’’ म्हणाला.

आमच्या जिल्ह्यातून दर साली दसरा-दिवाळीच्या सुमाराला काही लाख माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, हे तुम्हांला माहीत आहे. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत पाच-सहा महिने राबायचं. राहायचं कोपीत. कोपी म्हणजे बांबूच्या कांबी वाकवून त्यावर चटई, पाचट, प्लास्टिकचा कागद टाकलेली खोप, वाकून आत जायचं आणि वाकून बाहेर यायचं. आमचा कंडक्टर तसल्या कोपीत वाढला. आजीनं गावी ठेवून घेतलं म्हणून पाचवीपासून शाळा सुटली नाही. आम्ही पैसे देऊन विकत आणलेला तंबू त्याला कसा दिसत असेल, याचा आमच्यापैकी कुणी विचार केला नव्हता. मी कवी, मीही नाही.

पण मग तो उठला. म्हणाला, ‘‘टाकलाय तर नीट तरी टाका.’’ पहिल्यांदा त्यानं आमचा तंबू लिंबाखालून हलवला. एकट्या झाडाखाली कधी झोपू नये, वीज तिथंच उतरते. मग तो ओघळीच्या तोंडापासून बाजूला घेतला, जिथं गवत एका दिशेला निजलेलं होतं. गवत निजलंय म्हणजे तिथून पाणी गेलेलं आहे. दार वाऱ्याच्या उलट बाजूला फिरवलं. आणि टिकावानं तंबूभोवती चार बोटं खोल चर खणला, खालच्या बाजूला तोंड ठेवून. ‘‘कोपी टाकली की आई पहिल्यांदा हे करायची,’’ म्हणाला. ‘‘नाहीतर अवकाळीत पोरं भिजायची.’’

साडेसातला दक्षिणेकडून ढग आले. परतीचा पाऊस. विजेचा लखलखाट झाला की मास्तर मोठ्यानं आकडे मोजायला लागले. प्रकाश दिसल्यापासून आवाज येईपर्यंत तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तिसांच्या आत आवाज आला तर उघड्यावर थांबायचं नाही. चौदा आले. तंबू विजेपासून वाचवत नाही, आणि मोटारसायकलही नाही. चारही बाजूंनी बंद मोटार किंवा पक्की इमारत, एवढंच. तसलं काहीच जवळ नसेल तर उंचवट्यावरून खाली यायचं, झाडापासून लांब, पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही आणि एकमेकांना धरून बसायचं नाही. दर साली आपल्याकडं शेतात विजेनं माणसं मरतात, त्यातली पुष्कळ पाऊस चुकवायला झाडाखाली गेलेली असतात. आम्हांला त्या शेतकऱ्यानंच बॅटरी घेऊन येऊन हाका मारल्या. वस्तीवर त्याचं स्लॅबचं घर होतं. नऊ माणसं त्याच्या पुढच्या खोलीत बसलो. त्यानं चहा केला, प्रत्येकाचं नाव विचारलं. माझंही विचारलं. मी सांगितलं. त्यानं बशी पुढं केली आणि विचारलं, ‘‘साखर चालती का?’’ मला मधुमेह आहे का, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी किराणावाल्याकडं बघितलं नाही.

सकाळी तंबू कोरडे होते. लिंबाचंही काही झालं नव्हतं. पण त्याच्या बुंध्याशी, जिथं आम्ही झोपणार होतो, घोटाभर पाण्यानं ओघळ काढला होता.

दुसरा दिवस लांबचा. परत मांजरसुंब्याला येऊन नेकनूर, केज करत अंबाजोगाई. शंभरावर किलोमीटर. रस्ता चांगला आहे, म्हणून सांगण्यासारखं फार नाही. अंबाजोगाईबद्दल मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण मी मराठीत लिहितो. गावाबाहेर दरीच्या अंगाला मुकुंदराजांची समाधी आहे. ‘विवेकसिंधु’ शके १११०चा, म्हणजे ११८८चा, ज्ञानेश्वरीच्याही शंभर वर्षं आधीचा मानतात. काळाबद्दल आणि समाधीच्या जागेबद्दल विद्वानांत वाद आहेत. वाद नसतील तर ते विद्वान कसले. याच गावात दासोपंतांनी कागद पुरला नाही म्हणून पासोडीवर, कापडावर लिहिलं. निजामाच्या काळात याच गावाचं नाव मोमिनाबाद होतं आणि इथं घोडदळाची छावणी होती. छावणी म्हणजे तंबूच की. मी भाच्याला म्हणालो, आपण काही नवीन करत नाही आहोत. फजरच्या नमाजाला उठलो तेव्हा मास्तर आधीच जागे होते. त्यांनी न विचारता पश्चिमेकडं हात केला, म्हणाले, ‘‘उजवीकडं थोडं. काल सूर्य तिथं मावळला.’’ भूगोल शिकवला आहे त्यांनी छत्तीस वर्षं.

तिसऱ्या दिवशी धारूर. हा किल्ला आदिलशाहीतल्या किश्वरखानानं सोळाव्या शतकात बांधला, पुढं निजामशाहीकडं गेला, मग मोगलांकडं, फतेहाबाद हेही त्याचं एक नाव. किल्ल्याच्या तीन बाजूंना दरी आहे. गावाच्या अलीकडं एक पडीक रान बघितलं. या वेळी मी कुणाला विचारलं नाही. गाडीवरून उतरलो आणि बांधावर बसलेल्या म्हाताऱ्याकडं गेलो. किराणावाला काही बोलला नाही.

म्हातारा म्हणाला, ‘‘कुठले?’’

‘‘बीडचे.’’

तो उठून गाडीच्या मागं गेला, नंबर बघितला. ‘‘तेवीस हाय. मग आपलेच.’’ मग म्हणाला, ‘‘नाव?’’

मी पूर्ण नाव सांगितलं. शेख, बापाच्या नावासकट. तो जरा वेळ गप्प राहिला. त्या जरा वेळात माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते आज सांगत नाही. मग तो म्हणाला, ‘‘झोपा. पर जाळ करू नका, गवत वाळलंय. गेल्या साली असंच कुणीतरी बिडी टाकली, समदा डोंगर गेला. आन्‌ पोरं दारू पेणारी नाईत ना?’’

तो कशासाठी गप्प राहिला, ते मला कळलं नाही. कदाचित गवताचाच विचार करत असेल. कदाचित नसेल. इतकं मात्र सांगतो, विचारायला स्वतः जावं. आणि जाताना हातात गाडीची किल्ली, डोक्यावरचं हेल्मेट काढलेलं, आणि बरोबर एकच माणूस असावा. नऊ जण एकदम बांधावर गेलो तर कुणीही घाबरेल. नायगावच्या मयूर अभयारण्यासारख्या जागी तर असं विचारूनही झोपता येत नाही, तिथं वनखात्याची परवानगी लागते.

जाळ केला नाही. स्टोव्हवर खिचडी, वर सीताफळं. सीताफळाच्या बिया रानात थुंकल्या तरी चालतात, प्लास्टिक मात्र परत आणायचं, एवढा एक कायदा मी भाच्यासाठी केला. रात्री तंबूची चेन पूर्ण लावायची. आपल्याकडं मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. बूट तंबूच्या आत घ्यायचे, सकाळी झटकून घालायचे. फुरसं दगडांच्या फटीत असतं, म्हणून अंधारात धोंडा उचलायचा नाही. काही झालंच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, अंग हलू न देता थेट सरकारी दवाखाना. वाटेवरचे असे दवाखाने कुठं आहेत ते सळईवाल्या दोस्तानं घरूनच एका कागदावर लिहून आणलं होतं. त्या तिसऱ्या रात्री कंडक्टर तंबूत झोपला. घोरलाही.

चौथ्या दिवशी सकाळी धारूरचा घाट उतरायचा होता, तेलगावकडं. अरुंद घाट, वळणं उभी, अवजड गाड्या दोन्हीकडून. मिस्त्रीनं सगळ्यांना घाटाच्या तोंडाशी थांबवलं आणि पाच मिनिटं शिकवणी घेतली. ‘‘ज्या गिअरात चढला असतास त्याच गिअरात उतर,’’ एवढं त्याचं सूत्र. खालच्या गिअरात ॲक्सिलेटर सोडला की इंजिनच चाकाला मागं ओढून धरतं, ब्रेक फार लागत नाही. आपल्याकडं पेट्रोल वाचतं म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करायची, काही बहाद्दर तर बंद करायची सवय आहे. मग सगळा भार ब्रेकवर येतो. आमच्यासारख्यांच्या गाड्यांना मागं ड्रमचा ब्रेक. त्यावर सतत पाय ठेवला की लायनर तापतं, धरेनासं होतं, आणि नेमक्या शेवटच्या वळणावर पाय पूर्ण दाबला तरी गाडी थांबत नाही. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, दोन्ही मिळून. वळणात मुरूम पडलेला असतो, तिथं ब्रेक दाबला तर गाडी निसटते. आणि दरीकडं बघायचं नाही. माणूस जिकडं बघतो तिकडंच गाडी नेतो. जायचं आहे त्या रस्त्याकडं बघायचं.

उतरलो. आरशात भाचा दिसत होता, भाच्याच्या आरशात बँकवाला दिसत असणार. एका वळणावर भाचा दिसेनासा झाला. मी कडेला थांबलो. पुढं मास्तर थांबले. मांडीत सळई असलेला माणूस मास्तरांच्या मागं बसून मान वळवून बघत होता, माझ्याकडं नाही, माझ्या मागच्या वळणाकडं. एक मिनिट. दीड. मग भाचा आला, त्याच्या मित्राची टोपी उडाली होती. कुणी त्याला रागावलं नाही.

घाटाखाली, तेलगावच्या अलीकडं, एक ट्रॅक्टर उभा होता. दोन ट्रॉल्या, त्यात माणसं, बोचकी, भांडी, एक शेळी, कोपीचे बांबू. कारखान्याकडं निघालेली टोळी. एक बाई ट्रॉलीतच लेकराला पाजत होती. रात्रभर चालून ड्रायव्हर चहाला थांबला होता. मागच्या ट्रॉलीला दिवा नव्हता.

आमचा दोस्त सीटवरून उतरला. त्याला उतरायला वेळ लागतो. मिस्त्रीला म्हणाला, ‘‘ती पट्टी काढ.’’ मिस्त्रीच्या पेटीत लाल चकाकणाऱ्या चिकटपट्टीची गुंडाळी होती. ती कशाला घेतली हे मला वाटेत तीन वेळा विचारायचं होतं, राहून गेलं. दोस्तानं फडक्यानं ट्रॉलीच्या मागच्या फळीवरची धूळ पुसली, कंडक्टरनं टोक धरलं. ड्रायव्हर चहाचा कप घेऊन आला, म्हणाला, ‘‘किती पैसे?’’

‘‘पैसे नाहीत,’’ दोस्त म्हणाला. ‘‘पुढच्या ट्रॉलीला पण लावू का?’’

कंडक्टर ट्रॉलीतल्या बाईशी बोलत होता, कुठलं गाव, कुठला कारखाना. गाव त्याच्या मावशीच्या गावाजवळचं निघालं. पट्टी पुरली. उरलेली वीतभर मास्तरांनी आपल्या गाडीच्या मागं लावली.